थीम पार्कमधील रांगा आणि दिव्यांगांसाठीची सोय : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

थीम पार्कमध्ये दिव्यांग व्यक्तींना मिळणाऱ्या सोयीबद्दल दोन समजुती सारख्याच जोमाने पसरलेल्या आहेत. दिव्यांगांसाठीचा पास हाती आला की रांगेच्या तोंडाशी जाऊन थेट राइडमध्ये बसता येते, ही पहिली; आणि ही सोय म्हणजे तासभर उन्हात ताटकळलेल्या इतरांवरचा अन्याय आहे, ही दुसरी. पहिली समजूत मनात धरून गेलेले कुटुंब प्रवेशद्वारापाशीच निराश होते, तर दुसरी समजूत बाळगणारा माणूस शेजारच्या मार्गाने आत जाणाऱ्या धडधाकट दिसणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहतो. आज बहुतेक मोठ्या पार्कांत जी पद्धत आहे तिच्यामागचे सूत्र मात्र साधे आहे: थांबण्याचा काळ सर्वांना जवळपास सारखाच ठेवायचा आणि तो कोठे व कसा काढायचा एवढेच गरजेनुसार बदलायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सूत्राला धरून आहेत.

जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा जणांमागे एक जण, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा पार्कच्या फाटकापाशी ही सोय मागणे म्हणजे काही अपवादात्मक मेहेरबानी मागणे नव्हे, आणि ती मागताना ओशाळण्याचेही कारण नाही. तयारी मात्र हवी.

पहिली पायरी : रांग कशी चालते ते समजून घ्या

प्रत्येक राइडची एका तासात ठरावीक माणसे बसवण्याची क्षमता असते आणि ती मनात येईल तेव्हा वाढवता येत नाही. उदाहरणादाखल एक राइड तासाला १,२०० जणांना बसवते असे धरू. रांग एकच असेल आणि तुमच्यापुढे ६०० जण उभे असतील, तर तुमची पाळी अर्ध्या तासात येईल. आता याच राइडला दुसरी, जलद रांग जोडली आणि निम्म्या जागा तिला दिल्या, तर तुमच्यापुढची माणसे तेवढीच असूनही तुम्हाला एक तास थांबावे लागेल. पाचांपैकी चार जागा जलद रांगेला दिल्या, तर साध्या रांगेला तासाला फक्त २४० जागा उरतात आणि त्याच ६०० माणसांमागे तुम्ही अडीच तास उभे राहता.

दोन्ही रांगा जेथे एकत्र येतात तेथे एक कर्मचारी उभा असतो. दोरी उचलून तो जलद रांगेतून दहा-बारा जणांना सोडतो, मग साध्या रांगेकडे वळून दोन-तीन जणांना पुढे बोलावतो, आणि पुन्हा पहिल्या बाजूची दोरी उचलतो. त्या जागी पाच मिनिटे नुसते पाहत उभे राहिले तरी साधी रांग का रेंगाळते, याचा उलगडा होतो. जलद रांगेत मोठी संख्या असते ती जादा पैसे भरून पास घेतलेल्यांची. पुन्हा येण्याची वेळ (म्हणजे रांगेबाहेर थांबून ठरलेल्या वेळी परत येण्याची मुभा) मिळालेली दिव्यांग व्यक्ती आणि तिचे सोबतीही बहुतेक ठिकाणी त्याच मार्गाने आत येतात. साध्या रांगेतल्या माणसाला हा फरक दिसत नाही. त्याला फक्त पुढे जाणारी माणसे दिसतात, आणि त्यांतल्या व्हीलचेअरवरच्या माणसाकडे त्याचे लक्ष आधी जाते.

वरच्याच राइडमध्ये चार जणांचा एक गट मध्ये घेतला तर मागच्या प्रत्येकाला किती उशीर होतो, हेही काढून पाहावे. तासाला १,२०० जण म्हणजे सेकंदाला एका माणसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार जणांना बारा सेकंद. एका कुटुंबामुळे होणारा उशीर एवढाच असतो. मात्र असे गट शेकड्यांनी झाले आणि प्रत्येक गट दिवसभर त्याच राइडवर पुन्हा पुन्हा बसू लागला, तर या बारा सेकंदांचा डोंगर होतो, आणि हे प्रत्यक्षात घडलेलेही आहे.

दुसरी पायरी : आजचे नियम कोठून आले ते जाणून घ्या

अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कांमध्ये २०१३ पर्यंत ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ नावाची पद्धत होती. तिच्यात दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्यांना बहुतेक राइडवर फारसे न थांबता पर्यायी मार्गाने आत जाता येत असे. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने बातमी दिली की, काही श्रीमंत कुटुंबे दिव्यांग व्यक्तीला तासाला १३० डॉलर देऊन ‘मार्गदर्शक’ म्हणून सोबत नेतात आणि तिच्या कार्डावर रांगा टाळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुने कार्ड बंद करून ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’, संक्षेपाने डीएएस, ही पद्धत आणली. नव्या पद्धतीत थेट प्रवेश गेला आणि त्याच्या जागी पुन्हा येण्याची वेळ आली: राइडच्या फलकावर ७० मिनिटांची प्रतीक्षा दाखवली असेल तर साधारण ६० मिनिटांनी या, तोवर हवे तेथे थांबा, आणि एका वेळी अशी एकच वेळ घ्या.

या बदलाविरुद्ध ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेकांच्या वतीने दावे दाखल झाले. थांबणे ही संकल्पनाच काहींना उमगत नाही, काहींना राइड ठरावीक क्रमानेच घ्याव्या लागतात, त्यामुळे बाहेर थांबण्याची मुभा देऊन त्यांचा प्रश्न सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने, या मुद्द्यांचा निकाल पुरावा न ऐकता लावता येणार नाही, असे म्हणून प्रकरणे खालच्या न्यायालयाकडे परत पाठवली. त्यांपैकी एका प्रकरणाची प्रत्यक्ष सुनावणी होऊन २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. या सुनावणीत आलेली एक आकडेवारी महत्त्वाची आहे: जुन्या पद्धतीत कार्डधारक गटांची संख्या एकूण पाहुण्यांच्या ३ टक्क्यांच्या आसपास होती, पण लोकप्रिय राइडवर जलद रांगेच्या क्षमतेपैकी सुमारे ३० टक्के हिस्सा त्यांच्याकडे जात होता. अमर्याद आणि तात्काळ प्रवेश देणे म्हणजे पार्कच्या व्यवस्थेचे मूळ स्वरूपच बदलणे होईल, ही भूमिका न्यायालयाने मान्य केली.

अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली अशा वादात विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. मागितलेला बदल वाजवी आहे का, त्या व्यक्तीसाठी तो आवश्यक आहे का, आणि त्यामुळे मूळ सेवेचे स्वरूप बदलते का? २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पायांच्या आजाराने चालणे कठीण झालेल्या एका व्यावसायिक गोल्फपटूला स्पर्धेत गाडी वापरू द्यावी असा निकाल दिला, तो याच कसोटीवर. कारण मैदानावर चालणे हा गोल्फच्या खेळाचा गाभा नाही, असे न्यायालयाला वाटले. मग थीम पार्कमध्ये थांबणे हा गाभा आहे का? माझ्या मते थांबणे हा गाभा आहे, रांगेत उभे राहणे हा नाही. प्रत्येकाला क्षमतेचा आपापला वाटा मिळायचा तर पाळी सांभाळावीच लागते. पण ती पाळी दोरखंडांच्या मध्येच उभे राहून सांभाळली पाहिजे असा काही नियम नाही.

एप्रिल २०२४ मध्ये डिस्नेने डीएएसचे निकष आणखी कडक केल्याचे जाहीर केले. त्यानुसार ही सोय मुख्यतः ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक अडचणींमुळे रूढ रांगेत दीर्घकाळ थांबू न शकणाऱ्यांसाठी ठेवली गेली. २०१९ च्या तुलनेत वापर तिपटीहून अधिक झाल्याचे कारण कंपनीने दिले. पण आतड्यांचे विकार, तीव्र थकवा किंवा वेदना असणाऱ्या कितीतरी जणांना यामुळे पूर्वी मिळणारी सोय नाकारली गेली, आणि हा नियम मला योग्य वाटत नाही. गैरवापर रोखण्यासाठी गरजेची चौकशी बारकाईने करावी. निदानाच्या नावावरून दार लावून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरी पायरी : गरज लिहून काढा

घरून निघण्यापूर्वी एका कागदावर आजाराचे नाव बाजूला ठेवून नेमकी अडचण लिहावी: किती वेळ उभे राहता येते, किती वेळ बसून थांबता येते, गर्दीत काय होते, ते होण्याची पूर्वलक्षणे कोणती आणि सावरायला किती वेळ लागतो. हा कागद पुढे अर्ज भरताना, मुलाखतीत आणि तक्रार करावी लागली तर तेव्हाही उपयोगी पडतो. शिवाय तो लिहिताना बऱ्याच जणांच्या लक्षात येते की आपल्याला हवी असलेली सोय वेगळीच आहे.

फक्त उभे राहणे किंवा लांब चालणे जमत नसेल, तर बहुतेक पार्क व्हीलचेअर किंवा बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने देतात आणि रांगेच्या पासची गरज नाही असे सांगतात. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. मात्र अलीकडे बांधलेल्या राइडच्या रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद असतात. अमेरिकेतील मानकांनुसार असा मार्ग किमान ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर रुंद लागतो. व्हीलचेअरवरची व्यक्ती अशा रांगेतून इतरांबरोबरच पुढे सरकते, आणि ते योग्यच आहे, कारण बसून थांबण्याने तिची अडचण सुटलेली असते. जुन्या राइडच्या रांगा अरुंद आणि पायऱ्यांच्या असतात. तेथे तिला बाहेर पडण्याच्या मार्गाने किंवा वेगळ्या दाराने नेतात, पण फलकावरची वेळ भरू दिल्यानंतरच.

वारंवार शौचालयाला जावे लागत असेल तर रांगेतून बाहेर पडून पुन्हा आपल्या जागी येण्याची सोय मागावी. सोबतचे लोक रांगेत थांबतात आणि ती व्यक्ती राइडच्या तोंडाशी त्यांना येऊन मिळते, अशी ही पद्धत. कागदावर ती सोपी वाटते. प्रत्यक्षात एकट्याने आलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाला घेऊन आलेल्या एकट्या पालकाच्या ती काही कामाची नाही. तेव्हा आपण एकटे आहोत हे आधीच स्पष्टपणे सांगावे.

गोंगाट, धक्काबुक्की, अनिश्चितता किंवा बंदिस्त जागा यांमुळे ताबा सुटत असेल, तर पुन्हा येण्याची वेळ देणारा पास हीच खरी सोय आहे. उन्हाने आजार बळावत असेल तर ते स्वतंत्रपणे सांगावे, कारण काही राइडच्या रांगा पूर्णपणे वातानुकूलित असतात आणि काहींच्या उघड्यावर. अशा व्यक्तीला पास सरसकट न देता विशिष्ट राइडपुरती सोय मिळू शकते. दृष्टिहीन आणि कर्णबधिर पाहुण्यांसाठी ध्वनिवर्णन, उपशीर्षके दाखवणारे उपकरण, सांकेतिक भाषेचा दुभाषी अशा सोयी असतात. त्यांचा रांगेशी संबंध नसतो, पण दुभाषी हवा असेल तर तो बरेच दिवस आधी मागावा लागतो.

चौथी पायरी : त्या पार्कची पद्धत आणि मुदती पाहा

एका पार्कचा अनुभव दुसऱ्या पार्कला लागू पडत नाही. डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कांत वैद्यकीय कागद मागण्याऐवजी व्हिडिओ संभाषणातून चौकशी होते. युनिव्हर्सल या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या अमेरिकेतील पार्कांनी २०२३ पासून बाहेरच्या एका संस्थेचे मोफत ओळखकार्ड लागू केले. त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि कागदपत्रे भेटीच्या किमान ४८ तास आधी द्यायची असतात. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये अधिकृत कागदपत्र दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये ‘ॲक्सेस कार्ड’ नावाची पद्धत अनेक पार्क मान्य करतात. या कार्डावर आजाराचे नाव नसते, ‘रांगेत उभे राहणे कठीण’, ‘सोबतीची आवश्यकता’ अशा गरजांची चिन्हे असतात. मला ही पद्धत सर्वांत समंजस वाटते, कारण चौकशी एकदाच होते, पुरावा एकदाच तपासला जातो आणि दर दारावर आपली कहाणी नव्याने सांगावी लागत नाही.

पुरावा मागावा की मागू नये, यावर दिव्यांगांमध्येही एकमत नाही. कागद मागितला तर लबाडीला आळा बसतो, पण निदान करून घेणे ज्यांना परवडत नाही किंवा ज्यांच्या देशात तसा दाखला मिळणेच अवघड आहे ते बाहेर राहतात. कागद मागितला नाही तर निर्णय समोरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर जातो आणि चांगले बोलता येणाऱ्याला फायदा होतो. तुमचा पार्क यांपैकी काहीही करत असो, तुमच्याकडे दोन्हीची तयारी असावी: डॉक्टरांचे अलीकडच्या तारखेचे, अडचण स्पष्ट लिहिलेले पत्र, आणि परदेशी जात असाल तर त्याचे तेथील भाषेतील प्रमाणित भाषांतर.

परत न मिळणारी तिकिटे काढण्यापूर्वी पासचा अर्ज मंजूर करून घेता येतो का, हे आधी पाहावे. पास किती दिवस वैध आहे आणि धारकासह किती जणांना लागू आहे, याचीही नोंद घ्यावी. बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा चार जणांची किंवा जवळच्या कुटुंबीयांपुरती असते. मोठा गोतावळा घेऊन जाणाऱ्यांनी या मर्यादेवरून रुसू नये, कारण पहिल्या पायरीतले बारा सेकंद याच मर्यादेवर अवलंबून असतात.

पाचवी पायरी : मुलाखतीत काय बोलावे

चौकशी व्हिडिओवर असो की खिडकीवर, विचारणाऱ्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: रांगेत थांबल्यावर काय होते? बहुतेक पालक मात्र निदानापासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. “माझ्या मुलाला ऑटिझम आहे” एवढ्या वाक्यातून कर्मचाऱ्याला काहीच ठरवता येत नाही, कारण ऑटिझम असलेली कित्येक मुले रांगेत शांतपणे थांबतात.

त्याऐवजी असे सांगता येईल: “माणसे अगदी जवळ आली आणि मागे फिरायला वाट उरली नाही की दहा-पंधरा मिनिटांत तो कान झाकून खाली बसतो. तरीही बाहेर काढले नाही तर स्वतःच्या हाताला चावतो. एकदा असे झाले की शांत व्हायला त्याला तास लागतो आणि त्यानंतर त्या दिवशी तो कोणत्याच दारातून आत येत नाही. मोकळ्या जागी, हातात वेळ दाखवणारे घड्याळ असेल, तर तो तासभरही थांबतो.” यातले शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. आपण थांबायला तयार आहोत, फक्त तसे थांबणे आपल्याला जमत नाही, हे त्यातून विचारणाऱ्याला कळते आणि बोलणे ‘पुढे सोडा’ या मागणीकडे न जाता सोयीकडे वळते.

मुलासमोर हे सारे बोलणे काही पालकांना जड जाते. बहुतेक ठिकाणी ज्याच्यासाठी पास हवा ती व्यक्ती चौकशीच्या वेळी हजर असावी लागते, पण ती सगळा वेळ समोर बसलेली असावी असा आग्रह सहसा नसतो. ओळख पटली की तिला बाजूला नेऊ द्यावे अशी विनंती करता येते. प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत मात्र सोबत्याने तोंड घालू नये. तिला बोलता येत असेल तर तिनेच बोलावे, वेळ लागला तरी चालेल.

वाढवून सांगण्याचा मोह टाळावा. खोटी माहिती दिल्याचे आढळले तर त्या व्यक्तीला कायमची प्रवेशबंदी आणि तिकिटांचे पैसे जप्त, असा नियम डिस्नेने उघडपणे लिहून ठेवला आहे.

सहावी पायरी : प्रत्यक्ष दिवशी

पास मिळाला तरी सकाळी फाटक उघडताच पोहोचण्याला पर्याय नाही. पहिल्या तासात साध्या रांगाही आखूड असतात, तेव्हा ज्या राइडच्या रांगेत सहन होईल एवढाच वेळ थांबायचे आहे त्या साध्या रांगेने उरकाव्यात आणि पास जास्त गर्दीच्या राइडसाठी राखावा. पुन्हा येण्याची वेळ घेतली की लगेच त्या परिसरातली सावलीची किंवा शांत जागा गाठावी. अनेक पार्कांच्या नकाशावर अशा शांत खोल्या दाखवलेल्या असतात, आणि कोणत्या राइडमध्ये अंधार, मोठा आवाज, लुकलुकणारे दिवे किंवा अचानक धक्का आहे याची यादीही मिळते. अपस्मार असणाऱ्यांनी ही यादी वाचल्याशिवाय कोणत्याही राइडपाशी जाऊ नये. बहुतेक पास आता फोनवर असल्यामुळे चार्ज केलेली पॉवर बँक जवळ ठेवावी.

येथे न्यायाचा एक नाजूक प्रश्न येतो. एका राइडची वेळ घेऊन ठेवलेली असताना दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत उभे राहावे का? नियम सहसा आड येत नाही, आणि तसे केले तर एकाच माणसाची दोन रांगांत पाळी लागते, जे साध्या रांगेतल्याला कधीच शक्य नसते. टीकाकारांचा हा मुद्दा खरा आहे. पण ज्याला रांगेत थांबता येत नाही म्हणून पास मिळाला, त्याला दुसऱ्या लांब रांगेतही थांबता येत नाही. शिवाय औषधे, विश्रांती, शौचालयातला जास्तीचा वेळ आणि एखादा बिघडलेला तास वजा जाता त्याचा दिवस इतरांपेक्षा आखूडच असतो. माझे मत असे की पाच-दहा मिनिटांच्या रांगेने जाण्यात काहीच गैर नाही, पण सोबतच्या धडधाकट मंडळींनी धारकाला बाकावर बसवून त्याच्या नावावरची वेळ स्वतः वापरणे हा सरळ गैरवापर आहे. म्हणूनच धारक स्वतः राइडमध्ये बसणार असेल तरच गटाला आत सोडतात.

लहान मूल किंवा राइडमध्ये बसू न शकणारी व्यक्ती सोबत असेल तर पालकांनी आळीपाळीने बसण्याची वेगळी सोय जवळपास सगळीकडे असते आणि तिच्यासाठी कोणताही पास लागत नाही.

सातवी पायरी : राइडमध्ये बसणे

रांगेची सोय आणि राइडमध्ये बसण्याची पात्रता या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पास असलेल्या माणसालाही सुरक्षेच्या कारणाने राइड नाकारली जाऊ शकते, आणि पाळीपर्यंत पोहोचल्यावर हे कळणे फार कष्टाचे असते. म्हणून प्रत्येक पार्कची सुरक्षा पुस्तिका घरीच वाचावी. काही राइडमध्ये व्हीलचेअरसह चढता येते, काहींमध्ये व्हीलचेअरवरून राइडच्या आसनावर सरकावे लागते. अमेरिकेतील २०१० च्या मानकांनुसार नव्या राइडमध्ये व्हीलचेअरची जागा, सरकून बसण्यासाठीचे आसन किंवा सरकण्यासाठीचे उपकरण, यांपैकी किमान एक सोय असावी लागते.

कर्मचारी पाहुण्याला उचलत नाहीत. फलाटावर व्हीलचेअर राइडच्या आसनाला समांतर लावतात, चाके अडकवतात, हाताचा टेकू काढतात, आणि मग मधली फट ओलांडून त्या व्यक्तीने स्वतःच्या हातांच्या बळावर किंवा आपल्या माणसाच्या मदतीने सरकायचे असते. आसन बहुधा व्हीलचेअरपेक्षा खाली असते, त्यामुळे उतरताना जोर जास्त लागतो. हा सराव घरी सोफ्यावर करून पाहावा. काही राइडच्या बाहेर नमुन्याचे आसन ठेवलेले असते, तेथे आधीच बसून पाहता येते. कृत्रिम अवयव असल्यास तो घट्ट बसतो का, की काढून ठेवावा लागतो, आणि सुरक्षापट्टा बसण्यासाठी पायाची किमान किती लांबी लागते, हे पुस्तिकेत दिलेले असते.

राइड मध्येच बंद पडली तर अरुंद जिन्याने खाली उतरावे लागू शकते, म्हणून एका वेळी व्हीलचेअर वापरणारे एक-दोनच जण आत सोडतात. यामुळे त्यांना कधीकधी फलकावरील वेळेपेक्षा जास्त थांबावे लागते. व्हीलचेअरवाले लवकर जातात असे बोलणाऱ्यांना ही बाजू ठाऊक नसते. सुरक्षेच्या अटी प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या असाव्यात, अंदाजावर किंवा दिव्यांगांविषयीच्या ठोकळेबाज कल्पनांवर नव्हेत, असे अमेरिकेतील नियम स्पष्ट सांगतात. तेव्हा नकार मिळाल्यास नेमका धोका कोणता, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

मुळापासून वेगळा विचार कसा करता येतो हे टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या ‘मॉर्गन्स वंडरलँड’मध्ये दिसते. २०१० मध्ये सुरू झालेल्या या पार्कची आखणीच दिव्यांग पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून केली, आणि त्यांना तेथे प्रवेश विनामूल्य आहे. २०१७ मध्ये त्याला जोडून झालेल्या जलउद्यानात पाण्यात बिघडू नयेत म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर पाहुण्यांना देतात.

आठवी पायरी : नकार मिळाला तर

नकार मिळाला की आवाज चढवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: कारण काय, आणि पर्याय कोणता. कारण लिहून घ्यावे. पर्याय म्हणून जादा पैशांचा जलद पास घ्या असे सुचवले गेले, तर तो पर्याय मानू नये. सोय देण्याचा खर्च दिव्यांग व्यक्तीकडून वसूल करता येत नाही, असे अमेरिकेतील नियमांत आहे. ज्या पासमुळे साधी रांग लांबते तोच पास रांगेत थांबू न शकणाऱ्याने विकत घ्यावा, हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. सुचवलेला पर्याय तुमच्या बाबतीत का चालणार नाही हे तिसऱ्या पायरीतल्या कागदाच्या आधारे सांगावे आणि वरिष्ठांशी बोलण्याची विनंती करावी. हा निर्णय खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने केलेला नसतो, तेव्हा राग त्याच्यावर काढू नये.

तोडगा निघाला नाही तर त्याच दिवशी सविस्तर टिपण करावे: तारीख, वेळ, ठिकाण, मागितलेली सोय, दिलेले कारण, सुचवलेला पर्याय आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम. पार्ककडे लेखी तक्रार करताना भावनांपेक्षा हा तपशील पुढे ठेवावा. उत्तर समाधानकारक नसेल तर देशानुसार पुढचे दार वेगळे असते. अमेरिकेत न्याय विभागाकडे दिव्यांग हक्क कायद्याखाली तक्रार करता येते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार सेवा देणाऱ्याने वाजवी बदल मागणी येण्यापूर्वीच योजलेले असावेत अशी अपेक्षा आहे आणि दाद न्यायालयात मागता येते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील ३० वे कलम करमणूक आणि पर्यटनाच्या ठिकाणी प्रवेश मिळावा याबद्दलही आहे, त्यामुळे हा करार स्वीकारलेल्या देशांत तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करावा.

तक्रारीत काय मागायचे हेही आधी ठरवून ठेवावे: तिकिटांचे पैसे परत हवेत, पुढील भेटीसाठी अर्जाची नव्याने तपासणी हवी, की नियमातच बदल हवा. या तिन्ही मागण्या एकाच पत्रात घातल्या तर पैसे परत देऊन बाकीच्यांवर मौन पाळणे पार्कला सोपे जाते. तेव्हा प्रत्येक मागणीचे पत्र वेगळे करावे आणि प्रत्येकाची पोच घ्यावी.